समुद्रापासून साडेसातशे मीटर वर

१.
बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ७५८ मीटर उंचीवर आहे. त्याच्या कुंपणापासून आमचे घर जवळच. घराच्या पुढच्या खोलीत साडेसहाशे लिटर खारे पाणी आहे आणि त्यात एक निळा टँग.

२.
पॅराकँथुरस हिपेटस. लिनियसने १७६६ साली नोंदवलेली जात. आपल्या प्रजातीत ती एकटीच. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सामोआपर्यंत, जिथे प्रवाळ आहेत आणि पाण्याला ओढ आहे, तिथे हा मासा राहतो. अंग निळे, पाठीवरून काळा पट्टा वळसा घेऊन येतो, शेपटी पिवळीजर्द. गावात सगळे त्याला डोरी म्हणतात.

३.
पहिला प्रश्न शेजारच्या वहिनींनी दारातूनच विचारला. "भाऊजी, खायचा न्हवे की हा?"

दुसरा प्रश्न किमतीचा असतो. तिसरा, "मीठ कुठलं घालता?" तिसरा प्रश्न विचारणाऱ्याला मी बसायला सांगतो.

४.
साधे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास. राहिलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बारीकसारीक बरेच काही. मिठागरात पाणी आटू लागले की कॅल्शियमचे क्षार आधी तळाला बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडू पाण्यात जाते. मिठागराचे कसब या सगळ्यांना एकमेकांपासून वेगळे करण्यात आहे. माशाला ते सगळे एकत्र लागतात.

शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला. वेंगुर्ल्याकडे जाताना तो गाव लागला की मी थांबतो. तिथल्या मिठाविषयी मला आदर आहे. टाकीसाठी मात्र सगळे क्षार मोजूनमापून बनवलेले मीठ बादलीतून येते. पहिल्यांदा टाकी भरायला बावीस-तेवीस किलो लागले.

५.
"गोव्याहून पाणीच का आणत न्हाई?"

आणणारे आणतात. चोर्ला घाटाने पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे किनाऱ्याचे पाणी पातळ आणि गढूळ होते, बंदराजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. पाणी जड असते, हजार लिटर म्हणजे एक टन. घरी मिसळलेले पाणी बरे. त्यात काय आहे ते ठाऊक असते.

६.
सांबऱ्यात पडलेला पाऊस मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला मिळतो. अरबी समुद्र इथून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे.

खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई तेवढी पश्चिमेला जाते.

७.
बोअरचे पाणी आधी आरओमधून, मग रेझिनच्या नळीतून. टीडीएस मीटरवर शून्य दिसल्याशिवाय त्यात मीठ पडत नाही. आरओचे टाकाऊ पाणी माडाला.

८.
पाणी उडते, मीठ उडत नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात टाकीची पातळी दिवसात बोटभर खाली येते. ती पातळी खाऱ्या पाण्याने भरली तर पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. म्हणून समुद्राच्या टाकीत रोज ओतायचे ते गोडे पाणी.

जुलैत रोज काहीच ओतावे लागत नाही.

९.
बेळगावला पूर्वी गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. टँगला २५-२६ अंश लागतात, दिवसरात्र तेवढेच. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र तेरा-चौदावर जाते. तेव्हा हीटर दोन लावायचे, एकावर भरवसा ठेवायचा नाही. एक बंद पडला तर दुसरा तगवतो. एक सुरूच राहिला तर लहान हीटरने पाणी उकळत नाही. मे महिन्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा असा उपयोग होत नाही, तिथे चिलर घ्यावाच लागतो. कोरड्या पठारावर हा मासा ठेवण्यात एवढी एक सोय आहे.

१०.
वीज गेल्यावर काय आधी चालू ठेवायचे याची यादी भिंतीवर चिकटवली आहे. पहिला: पाणी ढवळणारा पंप. दुसरा: हीटर, फक्त हिवाळ्यात. तिसरा: स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र. दिवा यादीत नाही.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. प्रवाहात वाढलेला मासा स्थिर पाण्यात फार वेळ दम धरत नाही. इन्व्हर्टरवर घरातला पहिला हक्क माशाचा आहे. हे घरात सगळ्यांना मान्य आहे. दहावीचे वर्ष असलेल्या मुलीलाही.

११.
त्याचा निळा रंग हा रंग नव्हे. त्वचेतल्या पेशींमध्ये अतिशय पातळ स्फटिकांचे थर असतात, त्यांवरून प्रकाश असा परावर्तित होतो की निळा तेवढा डोळ्यांपर्यंत येतो. रात्री दिवा मालवल्यावर मासा फिकट होतो, अंगावर पांढुरकी झाक येते. सकाळी पुन्हा भरतो. आजारी पडला किंवा घाबरला तरी आधी रंग बोलतो.

१२.
त्याच्या कुळाचे इंग्रजी नाव सर्जनफिश. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक पाते, चाकूसारखे धारदार. एरवी खाचेत मिटलेले. शेपूट वळली की बाहेर येते. भांडणात तो तोंड वापरत नाही, बाजूला येऊन शेपूट मारतो. कुळात ऐंशीच्या वर जाती आहेत. काही जातींत हे पाते मिटत नाही, कायमचे उभे असते.

जाळीने टँग धरू नये. पाते जाळीत अडकते, आणि मासा सुटण्यासाठी जेवढा वळतो तेवढा जास्त गुंततो. प्लास्टिकचा पारदर्शक डबा पाण्यात बुडवावा आणि थांबावे.

१३.
विमानतळ हाकेच्या अंतरावर. मासा आला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, थर्माकोलच्या खोक्यात. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. निघण्याआधी त्याला उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीतले पाणी वाटेत घाण होत नाही. ड्रायव्हरने खोके आपल्या पायाशी ठेवले होते. एसीचा झोत लागू नये म्हणून त्यावर स्वतःची शाल घातली होती. पैसे घेतले नाहीत. "जिवंत हाय म्हटल्यावर काय पैसे घ्यायचे," म्हणाले.

१४.
सांबऱ्याची धावपट्टी २३०० मीटर. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली हा विमानतळ बांधला. टाकी सहा फूट.

दुकानात हा मासा दोन इंचांचा मिळतो आणि दोन फुटांच्या टाकीत सुखाने फिरताना दिसतो. पूर्ण वाढ १२ इंच. तो दिवसभर पोहतो. प्रवाळाच्या कडेने, प्रवाहाच्या विरुद्ध, थांबत नाही. सहा फूट ही सोय नव्हे, ही सर्वांत खालची पायरी आहे. एवढी जागा नसेल तर हा मासा घेऊ नये. मला कोणी विचारले तर मी एवढे एकच वाक्य आवाज चढवून सांगतो.

१५.
हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रातले एक जण रविवारी टाकी बघायला येत. कार निकोबारला राहून आले होते. तिथे भरतीच्या वेळी उथळ पाण्यात त्यांनी पावडर ब्लू टँगचे थवे पाहिले होते. फिकट निळे अंग, काळे तोंड, पाठीवर पिवळा पर. किती होते, विचारले. त्यांनी हात पसरून पूर्ण खोली दाखवली, मग दाराबाहेरचे अंगण दाखवले.

आमच्या एकट्या माशाकडे ते बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांची बदली झाली.

१६.
कॅम्पातल्या मासळी बाजारात गोव्याकडून, वेंगुर्ल्याकडून मासळी येते. बांगडे, तारल्या, सुरमई, कधी पापलेट. बर्फावरचा बांगडाही निळा असतो. घेताना मी त्याचा डोळा बघतो, तो ताजेपणासाठी. घरी आल्यावर टँगचा डोळा बघतो, तो तब्येतीसाठी.

१७.
जेवण: नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद. सुशी करतात तोच, पण बिनमिठाचा, बिनतेलाचा, बिनमसाल्याचा. पाकिटामागचे घटक वाचायचे. क्लिपने काचेला लावला की टँग त्याचे तुकडे ओढतो. पालक उकडून देता येतो. पोट भरते, पोषण तेवढे नाही. निळा टँग निसर्गात वाहत्या पाण्यातले बारीक प्लवकही खातो, म्हणून आठवड्यातून काही वेळा मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव.

नोरी सगळ्यात आधी मॉलमध्ये आली, मग शहापूरच्या एका किराणा दुकानात. दुकानदारांनी विचारले, "कशाला लागतंय ओ हे?" सांगितले. तेव्हापासून "माशाचा कागद आलाय" असा निरोप येतो.

१८.
पांढरे ठिपके. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा परजीवी. टँगच्या घराण्याला याचा त्रास सर्वांत जास्त. ठिपका माशावर काही दिवस राहतो, मग गळून पडतो. नवख्याला वाटते, बरे झाले. तळाशी त्या ठिपक्याची गाठ होते, ती फुटते, शेकडो नवी पिल्ले पाण्यात सुटतात आणि दुसऱ्या फेरीत मासा मरतो. टाकीत मासा नसेल तर ती पिल्ले एक-दोन दिवसांत संपतात, पण काही गाठी आठवडेच्या आठवडे न फुटता राहतात. म्हणून टाकी अडीच महिने रिकामी ठेवतात.

औषध तांब्याचे. वेगळ्या टाकीत, ठरलेल्या पातळीत, रोज टेस्ट किटने मोजून, साधारण महिनाभर. तांबे कमी पडले तर परजीवी मरत नाही, जास्त झाले तर मासा. मुख्य टाकीत ते घालायचेच नाही. गोगलगायी, कोळंबी, खेकडे सगळे जातात.

आमच्या भागात बटाट्यावर, टोमॅटोवर करपा आला की मोरचूद आणि चुना कालवून फवारतात. बुरशीवर तांबे, परजीवीवर तांबे. कृषी केंद्रातले मोरचूद टाकीत घालायचे नसते, तरी ती निळी पूड बघितली की मला टाकीच आठवते.

१९.
नवीन मासा थेट टाकीत सोडू नये. हे वाक्य प्रत्येक दुकानात भिंतीवर हवे.

२०.
टँगच्या डोक्यावर आणि अंगाच्या मधल्या रेषेवर खळगे पडण्याचा एक जुना आजार आहे. वर्षानुवर्षे त्याची कारणे सांगितली जात: जीवनसत्त्वे कमी, वीज पाण्यात उतरते, ताण. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्जन मासे वेगवेगळ्या टाक्यांत ठेवले. पाणी शुद्ध करायला लिग्नाइट कोळसा वापरलेल्या टाकीतल्या माशांना व्रण झाले. कोळसा नसलेल्या टाकीतल्यांना झाले नाहीत.

पाणी स्वच्छ दिसावे म्हणून आपण जे घालतो, त्यानेच हे होऊ शकते. कोळशाची पिशवी मी काढून टाकली.

२१.
रात्री तो खडकाच्या फटीत शिरून आडवा होतो. एका कुशीवर, पूर्ण आडवा. पाहुण्यांना रात्री टाकी दाखवताना आधी हे सांगावे लागते. आईने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती देवापुढे दिवा लावायला गेली होती.

२२.
खडक: सिमेंट आणि सिरॅमिकचे, कित्येक आठवडे पाण्यात मुरवलेले. परदेशी पुस्तकांत पहिल्याच प्रकरणात "लाइव्ह रॉक" असते, म्हणजे समुद्रातून उचललेला प्रवाळाचा सांगाडा, जिवाणूंसकट. भारतात प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच. जिवंत काय, मेलेला तुकडाही घरात ठेवता येत नाही.

मालवणच्या वाटेवर पूर्वी पांढरे पोवळ्याचे तुकडे विकायला असत. कुणाच्या शोकेसमध्ये अजून दिसतात, शंखांच्या शेजारी.

२३.
२०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यालय-दुकानांसाठी नियम काढले. त्यात विक्रीला आणि प्रदर्शनाला मनाई केलेल्या १५८ जातींची यादी होती. विदूषक मासा, फुलपाखरी मासे, देवदूत मासे. गोड्या पाण्यातले मासे वाढवणारेही घाबरले, विरोध झाला, नियम मागे घेतले गेले. यादी वाचताना मला एक गोष्ट खटकली होती, ती अजून खटकते: समुद्रातून धरलेला आणि हौदात जन्मलेला, यांच्यात यादीने फरक केला नव्हता. खरा फरक तोच आहे.

२४.
आमचा टँग समुद्रातून धरलेला आहे.

२५.
फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे धरायला सायनाइड वापरले जाऊ लागले. प्रवाळाच्या फटीत फवारा मारायचा, मासा गुंगतो, हाताने काढायचा. प्रवाळ मरतो. मासा दुकानापर्यंत जगतो, घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत विनाकारण मरतो. खाऊनपिऊन, ठिपका नाही, व्रण नाही.

घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न "केवढ्याला?" हा दुसरा. पहिला: "कुठून आला, कसा धरला?" दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर तेही उत्तरच आहे.

२६.
हवाईत पिवळ्या टँगची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथे लाखांनी धरले जात. पश्चिम किनाऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग १९९९-२००० च्या सुमारास पकडीला बंद केला. बंद भागात मासे वाढले. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचा अभ्यास झाल्याशिवाय परवाने देऊ नका असा निकाल दिला.

आणि २०१५ मध्ये हवाईच्याच ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये पिवळा टँग हौदात जन्माला आला. पुढच्या वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत निळा.

इतकी वर्षे का लागली? विदूषक मासा खडकावर अंडी चिकटवतो, राखतो. पिल्लू मोठे निघते आणि सहज खाते. टँग अंडी उघड्या पाण्यात सोडून देतो. पिल्लू काचेसारखे पारदर्शक, तोंड इतके बारीक की नेहमीचे खाद्य आत जात नाही. त्याला कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवाचे नवजात पिल्लू द्यावे लागते. म्हणजे माशाचे पिल्लू जगवायला आधी दुसऱ्याच प्राण्याची पिल्ले रोज, अखंड पैदा करायची. ज्यांनी हे जमवले त्यांची नावे शाळेच्या पुस्तकात यायला हवीत.

२७.
ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात विदूषक माशांची पैदास होते. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक बायका शोभेची कोळंबी आणि विदूषक मासे वाढवायला शिकल्या. आपल्याकडे टँग अजून कुणी वाढवल्याचे ऐकले नाही.

२८.
निळ्या टँगवरचा 'फाइंडिंग डोरी' हा सिनेमा २०१६ साली आला. आता सगळी मुले डोरी मागतील आणि प्रवाळ रिकामे होतील, अशी भीती जगभर लिहिली गेली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नंतर आकडे तपासले. इंटरनेटवर माशाचा शोध वाढला होता, आयात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

आमच्या दारात मात्र मुले वाढली.

२९.
तारापोरवाला मत्स्यालय, मरीन ड्राइव्ह. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले. बेळगावकडच्या शाळांच्या सहलींत राणीची बाग, गेटवे आणि मत्स्यालय हे ठरलेले असायचे. लहानपणी तिथल्या काळोख्या बोळातून चालताना एका चौकोनात उजेड आणि त्यात रंगीत मासे, एवढेच आठवते. समोरच्या रस्त्यापलीकडे खरा समुद्र होता, राखाडी. २०१५ मध्ये काचेच्या बोगद्यासह ते नव्याने उघडले, करोनात बंद झाले.

शहरात मोठे, नीट राखलेले सार्वजनिक मत्स्यालय असले तर निळा टँग बघायला घरी टाकी मांडावी लागत नाही. हे मी टाकी असलेला माणूस म्हणून लिहितो.

३०.
१९८३-८४ साली कॅरिबियन समुद्रातल्या काळ्या समुद्री सायाळी (सी अर्चिन) रोगाने जवळजवळ संपल्या. त्या शेवाळ खात. जमैकात सर्जन मासे आणि पोपट मासे आधीच खाण्यासाठी धरून कमी झाले होते. शेवाळ खाणारे कोणी उरले नाही. काही वर्षांत प्रवाळांवर शेवाळ चढले आणि प्रवाळ दिसेनासे झाले.

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले, मेले. तिथे लोक मुख्यतः खोल समुद्रातला कुप्पा धरतात. प्रवाळावर चरणारे मासे बऱ्यापैकी शिल्लक होते. मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ ते खरवडत राहिले, नव्या पिल्लांना धरायला खडक मोकळा राहिला.

टाकीत टँग काचेवरचे शेवाळ खातो तेव्हा लोक म्हणतात, बरे आहे, काच पुसायला नको.

३१.
अँग्रिया बँक: विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर, भर समुद्रात पाण्याखाली प्रवाळांचे पठार. कान्होजी आंग्र्यांचे नाव. आम्ही किनाऱ्यापासून जेवढे पूर्वेला, ते साधारण तेवढेच पश्चिमेला. मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट त्यामानाने जवळ. तिथे डुबकी मारणाऱ्यांना सर्जन मासे दिसतात. मुलीच्या दहावीनंतर नेत्राणीला जायचे ठरले आहे.

३२.
गावातल्या मराठी साहित्य संमेलनाला आलेले पाहुणे चहाला घरी आले. ग्रंथदिंडीविषयी, पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांविषयी बोलणे चालले होते. मासा काचेजवळ आला आणि बोलणे थांबले. चहा निवला.

३३.
मिठाचे पाणी कुठेही पोहोचते. वायर टाकीतून सरळ प्लगकडे जाऊ देऊ नये. आधी खाली लोंबू द्यावी, मग वर न्यावी. थेंब खालच्या टोकाला गळतो, प्लगमध्ये जात नाही. स्टँडच्या बिजागऱ्या स्टेनलेस घेतल्या तरी गंजतात. इथले सुतार याला "कोकणातला गंज" म्हणतात.

३४.
सातवीतला एक मुलगा साठवलेले पैसे घेऊन आला. "काका, डोरी कुठं मिळतो?" त्याच्याकडे दोन फुटांची टाकी होती. त्याला टाकीपुढे बसवले आणि टेप दिली. माझी टाकी मोजली, मग माशाची आताची लांबी काचेवरून अंदाजे मोजली, मग बारा इंच टेपवर बघितले. स्वतःच म्हणाला, "मावत न्हाई."

त्याला सांगितले: आधी टाकी रिकामी चालवायची. अमोनिया, नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, चार ते सहा आठवडे. मग हौदात जन्मलेले दोन विदूषक मासे. त्यांना दोन फूट पुरतात. ते घराबाहेर फार भटकत नाहीत. अमोनियाचे टेस्ट किट मी त्याला दिले. दर शनिवारी आकडा कागदावर लिहून आणून दाखवतो. अक्षर सुधारत चालले आहे.

३५.
टँगचे वय कानातल्या हाडावरच्या कड्यांवरून मोजतात. ग्रेट बॅरियर रीफवरच्या सर्जन माशांचा असा अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. पहिली तीन-चार वर्षे मासा झपाट्याने वाढतो, मग वाढ जवळजवळ थांबते आणि त्याच आकारात तो दशकेच्या दशके जगतो. काही जातींत तीस वर्षांच्या पुढे, चाळीसपर्यंत. दुकानात दोन इंचांचे मिळते ते बाळ. सहा इंचांचा आमचा, तोही पोरगाच म्हणायचा.

३६.
तीस वर्षांचा हिशेब करून बहिणीच्या मुलीशी बोलून ठेवले. ती धारवाडला प्राणिशास्त्र शिकते. हो म्हणाली, पण दोन अटी घातल्या. औषधांची आणि पाण्याच्या आकड्यांची वही तिला आत्तापासून वाचायला द्यायची. आणि मासा मोठा होण्याआधी टाकी सहाची आठ फूट करायची.

भिंत मोजली. आठ फूट चार इंच आहे. दाराची चौकट डावीकडे सरकवावी लागेल. गवंडी दिवाळीनंतर मोकळे आहेत.